गारवाडीच्या राईतला बेहडा

१७ नोव्हेंबर २०२४, शेंडी

एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर मात्र 'नगर, नगर' असंच ओरडतो. आज त्या नगरकडे पाठ करून अकोले गाठलं आणि तिथून जीपने भंडारदऱ्याजवळ शेंडीला आलो. इथे होळीपर्यंत एक खोली भाड्याने घेतली आहे.

कैनातला हे पटलेलं नाही. "अब्बा, तिथे रेंज नसते," पुण्याहून ती तीन-तीनदा सांगत होती. रेंज नसते म्हणूनच चाललोय, असं तोंडावर आलं होतं, पण मुलीचं मन दुखवून निघायचं नव्हतं. तिची अम्मी, हमिदा, जाऊन अकरा महिने झाले. घरात तिची शिलाई मशीन आहे आणि मी आहे. दोघंही नुसते पडून असतो.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि नगरच्या एका दैनिकाने रविवार पुरवणीत सदर लिहायला सांगितलं. मी दोन्ही एकत्र केलं. विषय: जंगलवाटांवरची म्हातारी झाडं. छत्तीस वर्षं पोरांना जीवशास्त्र शिकवताना झाडं फळ्यावर काढली. आता खरी बघावीत.

२१ नोव्हेंबर

वाट दाखवायला रंगूबाई मिळाल्या. जवळच्या गारवाडीच्या. हिरडे गोळा करतात, त्यामुळे रानातलं झाड न् झाड त्यांना ठाऊक. वय विचारलं तर म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात मी नुकती चालाया लागले हुते." मी गणित करून सांगितलं की तुम्ही माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान आहात. त्यांनी मला वर-खाली बघितलं आणि म्हणाल्या, "व्हय? तरी मास्तर, चढावर धापा तुमी टाकताय."

आज दोन झाडं बघितली. एक हिरडा, आतून इतका पोकळ की पावसात दोन माणसं त्यात बसतात. दुसरं ओढ्यावर आडवं झालेलं जांभूळ. अर्धी मुळं हवेत, तरी दरवर्षी फळतं. मी दोन्हींची शास्त्रीय नावं सांगितली. रंगूबाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली. "आसंल," म्हणाल्या.

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

५ डिसेंबर

आज गारवाडीची राई बघितली. भैरोबाची राई म्हणतात. दोनेक एकर दाट झाडी, मध्ये उघड्यावर शेंदूर लावलेला धोंडा, तोच देव. इथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. पडलेलं झाड पडल्या जागी कुजतं. मांडीएवढी जाड गारंबीची वेल एका झाडावरून तिसऱ्यावर गेलेली. आणि देवाच्या समोर, उगवतीच्या अंगाला, बेहडा.

असा बेहडा मी जन्मात पाहिलेला नाही. बुंध्याला चहूकडून भिंतींसारखी मुळं फुटलेली, एकेक माझ्या कमरेएवढी उंच. हमिदाच्या शिवणकामाच्या तीन टेपा मी एकमेकींना जोडून आणल्या आहेत (टाके माझे, म्हणून वाकडे). त्यासुद्धा अपुऱ्या पडल्या, दोनदा लावाव्या लागल्या.

टेप घेऊन मी पलीकडे जायला लागलो तर रंगूबाई आडव्या आल्या. "त्या अंगाला मी धरते. तुमी तिथं पाय देऊ नका." टेपेचं टोक घेऊन त्या स्वतः पूर्वेच्या बाजूने गेल्या. भरल्या घरात कुणी झोपलेलं असावं तशा पावलांनी. बेहड्यावर कली राहतो, त्याच्या सावलीत बसू नये, अशी जुनी समजूत आहे. मी वहीत लिहून घेतलं: स्थानिक लोक पूर्वेकडच्या बाजूला जायला भितात.

निघताना त्यांनी पदरात बांधलेल्या भाकरीचा तुकडा त्याच बाजूच्या मुळाशी ठेवला. कुणासाठी, विचारलं. "मुंग्यांना," म्हणाल्या.

१५ डिसेंबर

बेहड्यावरचा लेख छापून आला. अर्धं पान, फोटोसह. मास्तरकी काही जात नाही. वाचणाऱ्याची वाट चुकू नये म्हणून शाळेमागून डावीकडे, मग ओढा, मग चढ, असं सगळं सविस्तर लिहिलं आहे. नगरहून सहा फोन आले, ते मी टेकडीवर रेंजमध्ये उभा राहून घेतले. आप्पासाहेब म्हणाला, "कमरू, नोकरीत असताना एवढं चांगलं शिकवलं असतंस तर पोरं पास झाली असती." आप्पासाहेब आमच्या शाळेत गणिताला होता. चाळीस वर्षांची दोस्ती आहे, ती असल्या बोलण्यावरच टिकली.

दुपारी रंगूबाईंच्या ओट्यावर बसून लेख वाचून दाखवला. लोक त्या बाजूला जायला भितात, या वाक्याशी आल्यावर त्या म्हणाल्या, "भ्या कशाचं?" मी समजावून सांगितलं की त्यात कमीपणा नाही, सगळीकडे अशा समजुती असतात. त्या उठून चहा टाकायला आत गेल्या.

५ जानेवारी २०२५

रविवार. शाळेपुढे गाड्या उभ्या करायला जागा उरली नव्हती. पुण्याच्या, नाशिकच्या, संगमनेरच्या गाड्या. लोक बेहड्याला मिठ्या मारून फोटो काढत होते. सरपंच गोरक्षनाथ चाळिशीचा, उत्साही गडी आहे. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. "सर, आजवर हिकडं इलेक्शनशिवाय कोन येत नव्हतं. तुमी गाव नकाशावर आनलं." मी वरवर नको नको म्हणालो. खोटं का लिहू, बरं वाटलं.

रंगूबाई दिवसभर बेहड्याच्या पूर्वेला बसून होत्या. येईल त्याला "ह्या अंगानं बघा, ह्या अंगानं" करत होत्या. संध्याकाळी लोकांचे प्लास्टिकचे ग्लास वेचले. मी म्हटलं, बघू द्या की लोकांना, देव काही रागावत नाही. त्या पुढच्या ग्लासाकडे वाकल्या.

१४ जानेवारी

संक्रांत. रंगूबाईंनी तिळगूळ दिला आणि म्हणाल्या, "मास्तर, आज गोड बोलायचा दिस. पन एक सांगते. तुमी पेपरात लिवलं आमी भेतो. आमी भेत न्हाई. तिथं माझी पोर हाय."

मला आधी कळलंच नाही.

नऊ दिवसांची होती. श्रावणातला पाऊस, ओढ्याला पूर, राजूरच्या दवाखान्यात नेता आली नाही. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. आणि गारवाडीच्या बायका पिढ्यान् पिढ्या राईतच पुरत आल्या, बेहड्याच्या उगवतीला. राईत एरवी कुणी कुदळ मारत नाही, बेहड्याखाली कुणी बसत नाही. त्यामुळे लेकरांना कुणी उठवणार नाही, असा त्यांचा हिशोब. वर दगड ठेवत नाहीत, फूल वाहत नाहीत. पुरुषमाणसं एकदा खड्डा करून येतात आणि पुन्हा विषय काढत नाहीत.

"किती जणींची आहेत?"

"आता हयात आमी अकरा जनी. आंदीच्या म्हाताऱ्यांची निराळी." मग म्हणाल्या, "बारशाच्या आत गेली. नावच न्हाई, तर हाक कशी मारनार? जाते, झाडाला हात लावते, येते. पस्तीस वर्सं झाली."

मी त्यांना हमिदाचं सांगितलं. आमच्या कब्रस्तानात तिची कबर कच्ची आहे, तिलाच पक्की नको होती. पावसाळ्यात गवत वाढलं की सगळ्या सारख्या दिसतात. मी भिंतीकडच्या निंबावरून ओळखतो. निंबापासून सात पावलं.

"मंग तुमाला कळतंय," रंगूबाई म्हणाल्या.

मला त्या लेखाची लाज वाटली. लेख परत घेता येत नाही.

२ फेब्रुवारी

माझा लेख वाचून झाड बघायला आलेले एक नाशिककडचे गृहस्थ भैरोबाला नवस बोलून गेले होते. नवस फळला. आता ते देवाला सिमेंटचं मंदिर बांधून देणार, पुढे सभामंडप. परवानगीचे कागदही चालू झालेत म्हणे. गोरक्षनाथने नकाशा दाखवला. देवाचं तोंड उगवतीला, म्हणून मंडपही उगवतीला. बेहडा बरोबर मंडपाच्या मधोमध येतो. नकाशात तो दाखवलेलाच नाही.

रंगूबाई ओढ्याशी माझी वाट बघत थांबल्या होत्या. "मालक मंदिराच्या कमिटीत हायेत. माझ्या तोंडून न्हाई निघायचं. बाकीच्या बी सासुरवाशिनी. रविवारी देवाम्होरं बैठक हाय. तुमी बोला मास्तर. आमचं नाव काढू नका, निस्तं झाडाचं बोला. तुमचं ऐकत्यात."

मी म्हटलं, "बोलतो. छत्तीस वर्षं बोलण्याचाच पगार घेतलाय."

त्या हसल्या. ओळख झाल्यापासून त्यांना असं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

६ फेब्रुवारी

काय बोलायचं ते लिहून काढलं. मंडप दक्षिणेला वळवला तर बेहडा वाचतो. पावलं टाकून बघितलं, जागा भरपूर आहे. मुद्दे पाच, दाखले दोन. टेकडीवर जाऊन आप्पासाहेबाला फोनवर वाचून दाखवले.

त्याने पाचही मुद्दे ऐकून घेतले. मग म्हणाला, "कमरू, तुझं म्हणणं लाख बरोबर आहे. पण देवाच्या कामात तू पडू नकोस. हल्ली ऐकणारा मुद्दा नंतर ऐकतो, नाव आधी ऐकतो. उद्या कुणी व्हिडिओ काढला, मंदिराला शेख मास्तरांचा विरोध म्हणून फिरवला, तर काय करशील? कैनातची नोकरी आहे, तिचा विचार कर."

मी म्हटलं, गारवाडीचे लोक तसे नाहीत.

"गारवाडीचे नसतील. व्हिडिओ गारवाडीत थांबतो का?"

त्याला माझी काळजी आहे, म्हणून बोलला. खाली उतरताना दोनदा पाय घसरला.

९ फेब्रुवारी

बैठक झाली.

सगळं गाव राईत जमलं होतं. पुरुष देवापाशी, बायका मागे बेहड्याजवळ. रंगूबाई दिसल्या, त्यांच्या आजूबाजूला बऱ्याच जणी. मला पुढे सतरंजीवर बसवलं, चहा दिला.

इथली रीत अशी आहे: मोठ्या कामाला देवाचा कौल घेतात. भगत धोंड्याच्या डाव्या-उजव्या अंगाला ओले तांदूळ चिकटवतो. उजवीकडचे आधी पडले की देवाचा होकार. पण कौल लावायच्या आधी भगत तीनदा विचारतो, कुणाचं काही म्हणणं आहे का. जे बोलायचं ते तेव्हाच. कौल मिळाल्यावर कुणी एक शब्द काढायचा नाही, तो देवाचा शब्द होतो.

भगताने पहिल्यांदा विचारलं. माझा कागद खिशात होता. कुणीतरी मोबाईल वर धरून चित्रण करत होतं. म्हटलं, आधी दुसरं कुणी काही बोलतंय का बघू.

दुसऱ्यांदा विचारलं. मी घसा साफ केला. शेजारच्या म्हाताऱ्याने मला पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पाणी प्यालो.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा गोरक्षनाथ सरळ माझ्याकडे बघत होता. नजर काढत नव्हता. भगतही थांबला. मला त्या नजरेचा अर्थ कळला: सर, तुम्ही यात पडू नका. मी मान खाली घातली.

उजवीकडचे तांदूळ आधी पडले. लोकांनी भैरोबाच्या नावानं चांगभलं केलं. मागे वळून बघायची मला हिंमत झाली नाही.

१० फेब्रुवारी

मी काय करायला हवं होतं? मी पाहुणा माणूस. गाव त्यांचं, देव त्यांचा. गोरक्षनाथने नजरेने बजावलं नसतं तर बोललोही असतो. आणि अकरा जणी तिथेच होत्या, त्यांच्यापैकी एकीने तरी तोंड उघडायचं. मी बोललो असतो तर झाड वाचलं नसतंच, उलट गावात माझ्यावरून दोन तट पडले असते. न बोलून मी गावाचं भलंच केलं.

वरचं सगळं पुन्हा वाचलं. हमिदा असती तर वही मिटून बाजूला ठेवली असती आणि म्हणाली असती, जेवून घ्या.

१८ फेब्रुवारी

आठवडाभर रंगूबाई आल्या नाहीत. आज मीच गेलो. त्यांनी ओट्यावर घोंगडी टाकली, चहा केला, नेहमीसारखा जास्त साखरेचा. मी म्हटलं, रंगूबाई, माझी अडचण होती. माझं नाव असं आहे की...

"आसंल," त्या म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "मी समद्यांना सांगितलं हुतं, मास्तर बोलनार हायेत, आपन गप बसायचं. चांगुणा उठत हुती दुसऱ्यांदा इचारलं तवा. तिची दोन हायेत तिथं. मीच तिचं लुगडं धरून खाली बसवली."

पाठोपाठ त्याच म्हणाल्या, "तुमचा काय दोस? तुमी पाव्हनं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ मार्च

दहावा रोजा. आज बेहडा पाडला.

मी गेलो नाही. संध्याकाळी गोरक्षनाथ शेंडीला डिझेल न्यायला आला, त्याने सांगितलं. नवी पालवी आली होती, तांबूस. सकाळी आठला करवत लावली, पडायला दोन वाजले. मुळं जेसीबीने काढली. मुरूम टाकून जागा सपाट करणं चालू आहे.

"बायकाच लई जमल्या हुत्या बघायला, सर. उन्हातानात हल्ल्या न्हाईत. जेसीबीवाला हाकलून दमला. शेवटी त्यांच्यासाठी चहा मागवला, तर कुनी घेतला बी न्हाई."

मातीत काही निघालं का, हे विचारायला माझी जीभ वळली नाही. रोजा सोडायला खजूर हातात घेतला. मी रडलो. हमिदाच्या वेळी इतका रडलो नव्हतो.

१५ मार्च, नगर

खोली सोडली. रंगूबाईंना सांगून आलो नाही. सदर बंद करत असल्याचं दैनिकाला कळवलं, कारण प्रकृतीचं दिलं.

३० एप्रिल, शेंडी

अक्षय तृतीया. मंदिराचं भूमिपूजन. येणार नव्हतो, पण गोरक्षनाथचे चार फोन आले आणि पाचव्याला नाही म्हणवलं नाही. आता जे घडलं ते क्रमाने लिहितो.

राई ओळखू आली नाही. पुढचा सगळा भाग मोकळा, तांबडा मुरूम, वर मांडव, रांगेने खुर्च्या. देवाला पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं आहे. गोरक्षनाथने मला हाताला धरून पुढच्या रांगेत नेलं. वाटेत, सहज, पाहुण्याचं स्वागत करावं तसं म्हणाला, "सर, एक इचारू? बैठकीत तिसऱ्या खेपंला मी तुमच्याकडंच बघत हुतो. भगताला बी थांब म्हनलं हुतं. म्हनलं, सर झाडाचं कायतरी बोलतील. दक्षिनेला जागा हुतीच की. पैसं देनाऱ्याला मी समजावलं असतं, त्यो बी तुमचाच लेख वाचून आल्याला. पन तुमीच गप ऱ्हायला. मंग म्हनलं, एवढा झाडाचा जानकार मानूस काय बोलत न्हाई, म्हंजे झाड म्हातारं झालं असंल, पाडाया हरकत न्हाई."

तेवढ्यात लाऊडस्पीकरवर माझं नाव पुकारलं. "ज्यांच्यामुळं आपल्या गावाचं नाव झालं, ते आपले झाडांचे मास्तर, कमरुद्दीन शेख सर." नाव नीट, ठासून, अभिमानाने घेतलं. त्या नावाला घाबरून मी मान खाली घातली होती. सगळ्यात जास्त टाळ्या मलाच पडल्या. शाल पांघरली, नारळ दिला. दोन शब्द बोला म्हणाले. मी माईक धरून उभा राहिलो आणि आभार मानून खाली उतरलो.

कार्यक्रमानंतर पंगत बसली. मी शाल काढून हातात घेतली आणि निघालो, तेव्हा मांडवाच्या कडेला रंगूबाई उभ्या होत्या. वाळल्या होत्या. मी म्हटलं, "रंगूबाई, मला माफ करा." त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या मुरुमाकडे बघत होत्या.

"मास्तर, तुमी मापं घेतली हुती न्हवं का? झाड नेमकं कुठं हुतं, दावा जरा. मला आता सापडत न्हाई. समदं सारखंच दिसतंय. काल बी आले हुते, चार जागी उभी ऱ्हायले."

घेर मी मोजला होता. उंची अंदाजाने लिहिली होती, पानं, फळं, मुळांची उंची, सगळं लिहिलं होतं. शाळेपासूनची वाट लिहिली होती. देवापासून झाड किती पावलांवर, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही, कारण देव तिथे होता आणि झाड तिथे होतं. आता दोन्ही नाहीत. मी इकडून तिकडून बघितलं. डोंगराची धार धरून बघितली. मांडवाच्या खांबांनी सगळं झाकलं होतं.

त्या वाट बघत होत्या.

मी तिसऱ्या खांबाच्या पलीकडे एका जागेकडे बोट दाखवलं. रंगूबाई गेल्या, तिथे बसल्या, मुरुमावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. मग लांबून चांगुणाबाईंना खूण केली, आणि त्याही आल्या, त्यांच्यामागून आणखी दोघी.

जागा तीच होती का, मला माहीत नाही.